पिकअपवर रॅक बसवताय? वेल्डिंगवाल्याकडे जाण्याआधी ही आकडेमोड एकदा करून बघा

लग्नसराई जवळ आली की तालुक्याच्या गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानांसमोर एक दृश्य हमखास दिसतं. मांडववाल्याची पिकअप उभी असते, हौद्यात दोन कारागीर उतरलेले असतात आणि मालक खाली उभा राहून हाताने उंची दाखवत असतो, "केबिनच्या वर एवढा घे." दुपारपर्यंत चार खांब उभे राहतात, वर आडव्या पट्ट्या पडतात, रंगाचा एक हात मारला जातो आणि संध्याकाळी गाडी नव्या कॅरिअरसकट घरी जाते.

मांडववालेच नाही, तर शिड्या नेणारे रंगारी, अॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवणारे, प्लंबर, सोलर पॅनलवाले, फर्निचरवाले अशा सगळ्यांनाच हा रॅक लागतो. खाली जड सामान, वर हलकं आणि लांबट सामान, म्हणजे दोन फेऱ्यांचं काम एका फेरीत होतं. डिझेल वाचतं, वेळ वाचतो. हप्त्यावर घेतलेल्या गाडीसाठी ही बचत छोटी नाही.

पण याच रॅकमुळे घाटातल्या वळणावर गाडी कलंडू शकते, ब्रेक मारल्यावर पाईप केबिनवर येऊ शकतात आणि चेकपोस्टवर २० हजारांचा दंडही बसू शकतो. रॅक चांगला की वाईट, हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो कुठे, कसा आणि किती वजनासाठी बसवला, याचा.

रॅकने जागा वाढते, ताकद नाही

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. रॅक बसवला म्हणजे गाडी जास्त माल उचलेल, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात उलटं होतं. रॅकचं स्वतःचं वजन गाडीच्या क्षमतेतून वजा होतं.

आरसीवर दोन आकडे असतात. एक गाडीचं रिकामं वजन आणि दुसरं मालासकट एकूण वजन. समजा, रिकामं वजन १,७०० किलो आहे आणि एकूण वजन ३,००० किलो. म्हणजे हातात राहिले १,३०० किलो. यात फक्त माल धरायचा नाही. ड्रायव्हर आणि सोबतचा माणूसही यातच मोजायचा.

आता रॅकचं वजन काढू. ४० बाय ४० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा लोखंडी चौकोनी पाईप मीटरला साधारण २.४ किलो भरतो. १.२ मीटरचे चार खांब, वर २.६ बाय १.६ मीटरची चौकट, मध्ये चार आडवे पाईप आणि एकेक मीटरचे चार तिरके आधार घेतले तर एकूण साडेतेवीस मीटरच्या आसपास पाईप लागतो. म्हणजे ५७ किलो. त्यात खालच्या प्लेटा, नट-बोल्ट आणि थोडी जाळी धरली की आकडा ७५ किलोपर्यंत जातो.

१,३०० मधून रॅकचे ७५ आणि दोन माणसांचे १४० किलो गेले. उरले १,०८५ किलो. या गाडीत मालाची खरी मर्यादा ही. तोच पाईप ३ मिलिमीटर जाडीचा घेतला तर मीटरला साडेतीन किलो भरतो, आणि "जरा दणकट कर" म्हणताना माल नेण्याची क्षमता आणखी २५ किलोने कमी होते. अॅल्युमिनियमची घनता लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश असते, म्हणून अॅल्युमिनियमचा रॅक बराच हलका पडतो. मात्र तो महाग असतो आणि गावात त्याचं वेल्डिंग करणारा कारागीर सहज मिळत नाही.

ब्रेक मारल्यावर रॅकवर काय बेततं?

उभ्या गाडीत २०० किलोचं सामान रॅकवर ठेवलं तर चार पायांवर सरासरी ५० किलो येतात. कुठलाही बरा रॅक हे सहज पेलतो. म्हणूनच दुकानासमोर कारागीर वर चढून नाचून दाखवतो तेव्हा मालकाचं समाधान होतं. पण खरी परीक्षा रस्त्यावर होते.

माल बांधण्याचे जे नियम अमेरिकेत आणि युरोपात वापरले जातात, त्यात एक साधा हिशेब धरलेला आहे. जोराचा ब्रेक लागला की माल स्वतःच्या वजनाच्या ८० टक्के ताकदीने पुढे ढकलला जातो. वळणावर बाजूला ढकलला जाण्यासाठी ५० टक्के धरतात.

हाच हिशेब आपल्या रॅकला लावून पाहू. २०० किलो माल हौद्याच्या तळापासून १.२ मीटर उंचीवर आहे. ब्रेक लागला की तो १६० किलोच्या ताकदीने पुढे रेटतो. पुढच्या आणि मागच्या पायांत २.४ मीटर अंतर असेल तर या रेट्यामुळे ८० किलोचा भार मागच्या पायांवरून पुढच्या पायांवर जातो. आधी पुढे १०० आणि मागे १०० असे होते, ते क्षणात पुढे १८० आणि मागे २० होतात. माल जास्त उंच असेल किंवा पाय जवळजवळ असतील तर मागचे पाय चक्क वर ओढले जातात.

वळणावरही हेच होतं. १.६ मीटर रुंदीच्या रॅकवर एका बाजूच्या दोन पायांवर १७५ किलो आणि दुसऱ्या बाजूच्या पायांवर फक्त २५ किलो, अशी विभागणी होते. खड्ड्यातले दणके यात धरलेले नाहीत.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, रॅकचा पाय नुसता टेकवून चालत नाही. तो वर उचलला जाणार नाही अशा रीतीने पकडला गेला पाहिजे. दुसरी, चार खांब आणि वर चौकट एवढंच केलं तर रेट्याने रॅक कलता होऊन पत्त्यांच्या घरासारखा बसू शकतो. खांब आणि चौकट यांच्या कोपऱ्यात तिरके आधार दिले की त्रिकोण तयार होतो, आणि त्रिकोण आकार बदलत नाही. विजेच्या टॉवरमध्ये आणि रेल्वेच्या लोखंडी पुलांत जागोजागी त्रिकोण दिसतात, ते याचसाठी. पैसे वाचवायचे असतील तर वरच्या आडव्या पट्ट्यांतली एखादी कमी करा, पण तिरके आधार काढू नका.

वळणावर गाडी का कलंडते?

गाडी कलंडेल की नाही, हे ठरवणारं एक सोपं गुणोत्तर आहे. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचा अर्धा भाग भागिले गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची. आकडा जितका मोठा, तितकी गाडी स्थिर.

मालासह २,००० किलोची पिकअप धरू. चाकांमधलं अंतर १.४ मीटर आणि गुरुत्वमध्य ०.८ मीटर उंचीवर. गुणोत्तर येतं ०.८७. आता रस्त्यापासून २.१ मीटर उंचीवर २०० किलो चढवले तर गुरुत्वमध्य ०.९२ मीटरवर जातो आणि गुणोत्तर ०.७६ वर येतं. म्हणजे स्थिरता सुमारे १३ टक्क्यांनी घटली. तिथेच ४०० किलो चढवले तर घट २१ टक्क्यांवर जाते.

कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण प्रत्यक्ष गाडीचे पाटे दबतात, टायर दबतात, गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला झुकते आणि गुरुत्वमध्य आणखी बाहेर सरकतो. त्यात वरचा माल सैल असेल तर तोही त्याच बाजूला सरकतो. रोजच्या घाटात रोजच्याच वेगाने घेतलेलं वळण त्या दिवशी घात करतं ते यामुळे.

म्हणून जड माल खाली आणि हलका वर, हा नियम मोडायचा नाही. खुर्च्यांची चळत, जनरेटर, लोखंडी बेस प्लेटा खाली ठेवायच्या. कापडाचे गठ्ठे, शिड्या, कमानीचे पोकळ सांगाडे वर ठेवायचे. खालचा हौदा रिकामा आणि वर माल, ही सगळ्यात धोक्याची स्थिती. काही ठिकाणी परतीच्या फेरीला नेमकं तेच केलं जातं, कारण वरचा माल उतरवायचा कंटाळा केलेला असतो.

केबिन आणि हौदा एकमेकांना बांधू नका

ही चूक इतकी सर्रास होते की ती चूक आहे, हेच कोणाच्या लक्षात येत नाही.

पिकअपची चेसिस शिडीसारखी असते. दोन लांब लोखंडी बीम आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर. या शिडीवर केबिन वेगळी बसवलेली असते आणि हौदा वेगळा. दोघांमध्ये काही बोटांची फट सोडलेली दिसते. ती शोभेची नाही. खड्ड्यात एक चाक गेलं की चेसिसला पीळ पडतो, आणि त्या वेळी केबिन एका दिशेला तर हौदा दुसऱ्या दिशेला हलतो.

आता एखाद्याने रॅकचे मागचे पाय हौद्यावर आणि पुढचे पाय केबिनच्या टपावर घट्ट बसवले, तर हा सगळा पीळ रॅकमधून जायला लागतो. काही महिन्यांत वेल्डिंगला तडे जातात, नाहीतर टपाचा पत्रा फाटून पावसाचं पाणी आत येतं. पातळ पत्र्याचा टप तसाही माणसांचं डोकं झाकण्यासाठी असतो, मालाचं ओझं पेलण्यासाठी नाही.

रॅकचे सगळे पाय हौद्यावरच असले पाहिजेत. रॅकचा पुढचा भाग केबिनच्या मागे उभी चौकट म्हणून वर घेता येतो. केबिनच्या मागच्या काचेसमोर जाळी लावली तर पुढे सरकलेला पाईप काच फोडून आत येत नाही. मात्र जाळीची भोकं मोठी ठेवा, म्हणजे मागचं दिसत राहील.

पाय कुठे रोवायचे?

हे हौद्याच्या प्रकारावर ठरतं.

मालवाहतुकीच्या पिकअपमध्ये बाजूचे फाळके बिजागरीवर उघडतात. अशा हौद्यात रॅक फाळक्यावर बसवताच येत नाही. फाळका उघडायचा म्हटला तर रॅक आडवा येईल, आणि चालत्या गाडीत सगळा भार कड्या-बिजागऱ्यांवर येईल. पाय हौद्याच्या तळावर, कोपऱ्यातल्या खांबांजवळ घ्यावे लागतात.

एकसंध हौद्याच्या गाड्यांमध्ये, म्हणजे इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारख्या पिकअपमध्ये, बाजूच्या भिंती स्थिर असतात आणि फक्त मागचा फाळका उघडतो. तिथे भिंतीच्या वरच्या कडेला शिकंजासारखे क्लॅम्प लावून, भोक न पाडता रॅक बसवता येतो. क्लॅम्प आणि रंगाच्या मध्ये रबराची पट्टी हवी, नाहीतर रंग घासला जाऊन गंज धरतो.

तळावर पाय बसवताना गाडीखाली वाकून बघणं हे पहिलं काम. हौद्याच्या पत्र्याखाली डिझेलची टाकी, ब्रेकचे पाईप आणि वायरिंग असतं. वरून ड्रिल घुसवलं आणि खाली ब्रेकची लाईन निघाली, तर रॅकचं काम बाजूला राहून गाडी टोइंगने गॅरेजला न्यावी लागते.

भोक शक्यतो पत्र्याखालच्या आडव्या पट्टीच्या रेषेत घ्यायचं. नुसत्या पत्र्याला बोल्ट मारला तर काही दिवसांत भोक मोठं होतं आणि एके दिवशी बोल्ट पत्र्यातून उपटून येतो. पट्टीची जागा मिळत नसेल तर पत्र्याखालून किमान १०० बाय १०० मिलिमीटरची, ५ मिलिमीटर जाडीची प्लेट लावावी. त्यामुळे ओढ एका ठिकाणी न येता पसरते.

बोल्ट घेताना डोक्यावरचा आकडा बघा. ८.८ लिहिलेला बोल्ट साध्या ४.६ च्या बोल्टच्या जवळपास दुप्पट ताण सहन करतो. १० किंवा १२ मिलिमीटरचे ८.८ चे बोल्ट, रुंद वॉशर आणि आत नायलॉनची कडी असलेले नट वापरले तर थरथरीने नट सैल होत नाहीत. पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला प्रायमर आणि रंग लावल्याशिवाय बोल्ट घालू नये. कोकणात किंवा समुद्राजवळच्या भागात हे टाळलं तर एका पावसाळ्यात गंज पसरतो.

वेल्डिंग करायचं असेल तर

रॅक वेगळा तयार करून, म्हणजे वेल्डिंग सगळं जमिनीवर उरकून, गाडीवर फक्त बोल्टने बसवणं सगळ्यात चांगलं. काम नसेल तेव्हा काढून ठेवता येतो आणि गाडी विकताना अडचण येत नाही.

गाडीवरच वेल्डिंग करावं लागलं तर तीन गोष्टी पाळायच्या. बॅटरीची ऋण वायर आधी काढायची, कारण वेल्डिंगचा करंट उलटा फिरून इंजिनचं कंट्रोल युनिट किंवा अल्टरनेटर जाळू शकतो. वेल्डिंग मशीनची अर्थिंग जोडाच्या अगदी जवळ लावायची, चेसिसच्या दुसऱ्या टोकाला नाही. आणि चेसिसच्या बीमवर वेल्डिंग किंवा ड्रिल काहीही करायचं नाही. उष्णतेने तिथलं लोखंड कमजोर पडतं आणि नेमक्या त्याच जागी पुढे तडा जातो.

वाऱ्याचा जोर

आठ बाय चारचं प्लायवूड रॅकवर आडवं टाकून एका दोरीने बांधलेलं अनेकदा दिसतं. त्याचं क्षेत्रफळ जवळपास ३ चौरस मीटर. ताशी ८० किलोमीटर वेगात एवढ्या पृष्ठभागावर वारा समोरून पूर्ण आदळला तर जोर ९० किलोच्या आसपास जातो. आडव्या शीटवर तो पूर्ण लागत नाही, पण पुढची कड थोडी उचलली गेली की शीट पंख्यासारखं वर ओढलं जातं. वेग निम्मा केला तर हा जोर निम्मा होत नाही, पावपट होतो. वर माल असताना ४०-५० चा वेग ठेवा, असं जुने ड्रायव्हर सांगतात, ते बरोबर आहे.

लांब माल पुढे आणि मागे अशा किमान दोन ठिकाणी बांधायचा. नायलॉनची दोरी ताण पडला की लांबते आणि तासाभरात सैल होते. रॅचेटचे पट्टे महाग असले तरी ताण धरून ठेवतात. पाईप असतील तर आधी त्यांची मोळी बांधायची आणि मग ती रॅकला. मोळीच्या मधला एखादा पाईप मोकळा राहिला, तर ब्रेक लागल्यावर तो बाणासारखा पुढे निघतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका घेतली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि दंड वाढले.

परवानगी नसलेला बदल केला तर कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. जादा वजनासाठी कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेला तर त्यासाठीही २०,००० रुपये, आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. जागेवर भरायची तडजोडीची रक्कम राज्यानुसार वेगळी असू शकते.

यातला शेवटचा मुद्दा मांडववाले आणि प्लंबर यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. बाजारात पाईप साधारण २० फुटी मिळतो. पिकअपचा हौदा आठ-नऊ फुटांचा आणि सगळी गाडी मिळून सोळा-सतरा फुटांची. म्हणजे रॅक कितीही उत्तम बसवला तरी २० फुटी पाईप कुठून ना कुठून बाहेर येणारच. अंधारात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो पाईप दिसत नाही. लाल फडकं बांधल्याने पाईप आत येत नाही. अशा मालासाठी मोठी गाडी भाड्याने घेणं किंवा दुकानातच पाईप कापून घेणं हाच मार्ग.

रॅक बसवण्याआधी आपल्या आरटीओ कार्यालयात विचारून घ्यावं, आणि नोंद करायला सांगितलं तर ती करावी. विमा कंपनीलाही लेखी कळवावं. न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येऊ शकतो. रॅकमुळे नंबर प्लेट, ब्रेकचे दिवे आणि इंडिकेटर झाकले जाऊ नयेत, हेही पाहावं.

गाडी दुकानातून बाहेर काढल्यावर

पहिल्यांदा मालासकट गाडीची उंची मोजा आणि ती चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. ड्रायव्हरच्या अंदाजात अजून जुनीच उंची असते. पार्किंगचा आडवा दांडा, गल्लीतल्या विजेच्या तारा आणि रेल्वेखालचा बोगदा यांना नवी उंची भेटते. लोखंडी कमान तारेला लागली तर काय होतं, हे सांगायला नको.

दुसरं, पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. नव्या जोडात रंग आणि रबर दबतं, त्यामुळे पहिले बोल्ट सैल होतातच. नंतर महिन्यातून एकदा पाना फिरवा आणि वेल्डिंगच्या जोडांवर नजर टाका. रंगात केसासारखी रेघ दिसली किंवा तिच्यातून गंजाचा ओघळ आला तर तो तडा आहे. त्यावर रंग मारू नका, जोड पुन्हा करून घ्या.

आणि रॅकवर माणसं बसवू नका. मांडव उतरवून रात्री उशिरा परतताना दमलेली पोरं वर गाद्यांवर आडवी होतात, थंड वारा लागतो, झोप येते. वरची सगळी आकडेमोड दोऱ्यांनी बांधलेल्या मालाची होती. झोपलेल्या पोराला कोणी बांधलेलं नसतं.